तांडेलाच्या गोळ्यांची वाटणी

घानाच्या किनाऱ्यावर, आमच्या अमोनाकुर गावात, एकट्याने जेवणाऱ्या माणसाची लोक कीव करतात. बिचाऱ्याला कोणी नाही, म्हणतात. आणि सगळे असूनही जो एकटा जेवतो त्याच्याबद्दल जे म्हणतात ते मी इथे सांगत नाही, कारण मी दर रविवारी चर्चमध्ये गाणारी बाई आहे. माझा धाकटा भाऊ क्वामिना याने जन्मात कधी एकट्याने काही खाल्लं नाही. म्हणून तर त्याचा पाय जायची पाळी आली.

क्वामिना आमच्या एकुआमावशीच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आहे. मावशी म्हणजे आमच्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर तीच आमची आई झाली, आणि आई होती तेव्हाही निम्मी तीच होती. होडी तिची, जाळं तिचं, इंजिन तिचं. स्वतः मात्र ती गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेली नाही. लाट जरा मोठी दिसली की कमरेचं कापड सावरत मागे पळते आणि वर समुद्रालाच दटावते. वाळूवर मात्र तिचं राज्य. होडी लागली की ती स्टूल टाकून बसते आणि मासळीची वाटणी करते. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, इंजिनाचा वाटा, हे तिन्ही अर्थातच तिच्या पाटीत. मग तांडेल, मग खलाशी, मग ज्याने दोराला हात लावला तो, मग ज्याने होडी वर ढकलायला खांदा दिला तो. एकदा तर नुसतं उभं राहून ओरडणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही तिने चार मासे दिले.

"याने काय केलं गं?" मी विचारलं.

"ओरडायला जोर लागत नाही का? तू ओरडून बघ."

मला बघायची गरज नव्हती. माझं अर्धं आयुष्य तिच्यावर ओरडण्यातच गेलं आहे.

तर हा क्वामिना. होडी ओढताना वाळूत पडलेला एक गंजका गळ त्याच्या पायात घुसला, करंगळीच्या बाजूने. त्याने तो स्वतःच उपसून काढला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा रे, आज मासा नाही मिळाला तर गळाने तांडेलच धरला." सगळे हसले. तोही हसला. मग लंगडत पोबीच्या दुकानात गेला.

पोबीचं औषधाचं दुकान आमच्या गावात चर्चच्या खालोखाल मानाचं. काउंटरवर काचेची एक बरणी, आणि बरणीत लाल-पिवळ्या कॅप्सुला. अँटिबायोटिकच, पण ते नाव कोणी घेत नाही. लाल-पिवळी म्हटलं की झालं. घसा दुखतो म्हणून जा, दात दुखतो म्हणून जा, नवरा डोकं खातो म्हणून जा, पोबी बरणीतच हात घालणार. एक मागाल तर एक, दोन मागाल तर दोन. खलाशी रात्रीच्या दर्यावर जाण्याआधी एक गिळतात, वरून ताडाच्या दारूचा घोट. का, तर गार वारा बाधू नये. जखम झाली की कॅप्सूल उघडायची आणि भुकटी वरून भुरभुरायची, जसं भाजलेल्या माशावर मीठ. क्वामिनाने तेच केलं. अर्धी भुकटी स्वतःच्या पायावर आणि अर्धी शेजारच्या खलाशाच्या ढोपरावर, कारण त्याचंही सोलवटलं होतं.

पाय सुजला. मग नडगीपर्यंत सुजला. मग क्वामिना हसायचा थांबला, तेव्हा मी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

तिथे डॉक्टर अडोले होती. राजधानी अक्राची, गा जमातीतली, वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलायला लागली की आपण आपोआप सरळ बसावं अशी. तिने जखमेतला पू काचेच्या नळीत घालून तपासायला पाठवला. काही दिवसांनी परत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं.

"या जंतूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत. चार लावून बघितली, एकही नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "त्याने तर लाल-पिवळी पण लावली होती."

"म्हणूनच. तुमच्या किनाऱ्यावरचे जंतू लाल-पिवळी खाऊनच लहानाचे मोठे झालेत. आता तिला जुमानत नाहीत." मग तिने क्वामिनाकडे बघितलं. "एक नवीन गोळी आहे. महाग आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक, डबी संपेपर्यंत. बरं वाटलं तरी. कळलं? ही अर्धवट सोडलीत तर पायाची खात्री मी देणार नाही."

"कळलं," क्वामिना म्हणाला. त्याला सगळंच कळतं. हा त्याचा जुना आजार आहे.

गोळ्यांना पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मंगळवारी सुटला. मंगळवारी आमच्याकडे कोणी दर्यावर जात नाही, तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. सगळे खलाशी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात आणि कोणालाच न देता पळता येत नाही. मावशी एकेकापुढे जाऊन उभी राहिली. ज्याच्याकडे होतं त्याने दिलं, ज्याच्याकडे नव्हतं त्याने दुसऱ्याकडून घेऊन दिलं. एसिलफी म्हणून एक आडदांड खलाशी आहे, त्याला बारमाही खोकला, त्याने तर बायकोने लपवलेले पैसे आणून दिले आणि दोन दिवस होडीतच झोपला. डबी आली. ती मी माझ्या हातांनी मावशीकडे दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाजलेल्या मासळीच्या पाट्या घेऊन तेचिमानच्या बाजाराला गेले. लांबचा बाजार, माल खपेपर्यंत आठवडा गेला.

परत आले तर क्वामिना अंगणात बसलेला, पाय बादलीवर ठेवून, बादलीवर माश्या. मी पायाकडे बघितलं. रंगच बदलला होता.

"गोळ्या घेतोस ना?"

"संपल्या."

"संपल्या? इतक्यात?"

तो स्वयंपाकघराकडे बघायला लागला. तिथून मावशी आली, हात पुसत, जणू मी पाहुणी आणि ती माझीच वाट बघत होती.

"आलीस का? मासळीला काय भाव आला?"

"भाव राहू दे. गोळ्या कुठे गेल्या?"

"वाटल्या," मावशी म्हणाली.

मला वाटलं दगडावर वाटल्या. लेप केला असेल. तसं असतं तरी बरं झालं असतं. पण मावशी म्हणाली, "एसिलफीला दोन दिल्या, त्याच्या खोकल्याला. ॲग्रेला दोन, त्याच्या बायकोचं पोट दुखतं. बाकीच्यांना एकेक, दोनदोन. ज्याने पैसे घातले त्याचा वाटा नको? दोराला हात लावला त्याला मासा मिळतो, मग डबीला हात लावला त्याला गोळी नाही?"

"आणि तू?"

"होडीचा वाटा म्हणून दोन घेतल्या," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "गुडघ्याला."

मी जे बोलले त्यातलं बरंचसं चर्चमध्ये गाणाऱ्या बाईला शोभणारं नव्हतं. शेजारच्या बायका भांडी घासायच्या थांबल्या. मी म्हटलं, "मावशी, तू मासळी वाटतेस. जाळं वाटतेस का कधी? एक तुकडा एसिलफीला, एक तुकडा ॲग्रेला, असं कापून देतेस? मग मासा धरशील कशाने?"

मावशी शांतपणे म्हणाली, "जाळं खाता येत नाही. गोळी खाता येते. जे खाता येतं ते वाटायचं असतं." आणि तिला वाटलं, इथे विषय संपला. ती शाळेत गेली असती तर वकील झाली असती आणि आम्ही सगळे तुरुंगात असतो.

मग मी क्वामिनाकडे वळले. "आणि तू रे? तुला डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"ताई, पहिल्या दोन दिवसांतच बरं वाटायला लागलं होतं गं. सूज उतरली. मग मी एकटा गोळ्या गिळत बसलो आणि समोर एसिलफी खोकतोय, हे कसं दिसतं? त्याने बायकोचा मार खाल्लाय माझ्यासाठी. उद्या मी दर्यात म्हटलं की जाळं टाका, तर माझं कोण ऐकेल?"

मला त्याला थोबाडावं असं वाटलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. गाडी बघायला गेले.

शहरात जाणाऱ्या ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसमध्ये, माणसं कशी बसतात हे बसणाऱ्यांनाच माहीत. क्वामिनाचा पाय फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर घेतला होता. गाडी सुटली आणि वास पसरायला लागला. पुढच्या बाकावरची एक नटलेली बाई नाकाला रुमाल लावून मागे वळली. "कोणाची मासळी सडलीय ही?"

क्वामिनाने मान खाली घातली. दर्यात वादळ आलं तर हा माणूस गाणं म्हणतो.

"माझी," मी म्हटलं. "तेचिमानहून परत आणलेली. खपली नाही."

"मग फेकून द्या ना बाहेर."

"फेकवत नाही हो. जीव लावलाय."

सगळी गाडी हसली. क्वामिनानेही तोंड लपवून थोडं हसून घेतलं. उतरेपर्यंत मला कंडक्टरसकट सगळ्यांनी मासे भाजायच्या चार नव्या पद्धती शिकवल्या होत्या. मी चाळीस वर्षं मासे भाजतेय.

डॉक्टर अडोलेने फडकं सोडलं आणि पाय दोन्ही बाजूंनी वळवून बघितला. मग विचारलं, "डबी पूर्ण केली?"

मी क्वामिनाकडे बघितलं, क्वामिना छताकडे. शेवटी मीच सांगितलं. वाटणी सांगितली, होडीचा वाटा पण सांगितला. मला वाटलं ती चिडेल. तिने नुसता चष्मा काढून डोळे चोळले.

"त्या दोन दिवसांत जे जंतू मेले ते दुबळे होते," ती म्हणाली. "जे उरले ते आता त्या गोळीलाही दाद देत नाहीत. शेवटचं एक औषध आहे, शिरेतून द्यायचं. त्याने थांबलं तर थांबलं. नाहीतर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल."

तांडेलाला पाय नसेल तर तो काय करतो? होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभं राहून, लाटेवर तोल सांभाळून, हात वर करून दाखवायचं असतं की मासा कुठे आहे. एका पायावर ते होत नाही. आमच्या गावात असा एक तांडेल होता, तो आता ताडाच्या सावलीत बसून दुसऱ्यांची जाळी शिवतो आणि लोक त्याला अजून तांडेल म्हणतात, दयेने. क्वामिनाने त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पण त्या खोलीत तो आमच्याबरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. एकटी कशी येईल? सगळी होडीच घेऊन आली. एसिलफी, ॲग्रे, बाकीचे, आणि डोक्यावर केंकेची पाटी, आंबवलेल्या मक्याचे गरमगरम गोळे केळीच्या पानांत बांधलेले. नर्स ओरडली. मावशीने तिला दोन गोळे दिले आणि नर्स थांबली.

क्वामिनाच्या हातात सुई, वर बाटली, थेंब थेंब उतरत होता. तो ओशाळून म्हणाला, "या, बसा. हे... हे मात्र माझ्या एकट्यालाच लावलंय."

मावशी बाटलीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर वाटणीच्या वेळचा हिशोबी भाव आला. मी म्हटलं, "हं, आता हे वाटून दाखव."

तेवढ्यात डॉक्टर अडोले आली. मावशीने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तूच का ती? गा लोकांतली ना? तुमच्याकडे म्हणे केंके मक्याच्या सालीत बांधतात. गरिबी असेल."

"साल एका हाताने सुटते, मावशी. तुमचं केळीचं पान उलगडेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो."

शेराला सव्वाशेर भेटला. खलाशी खूश झाले. पण डॉक्टर स्टूल ओढून मावशीच्या पुढ्यात बसली आणि तिने विचारलं, "गोळ्या ज्यांनी खाल्ल्या त्यांपैकी कोण कोण बरं झालं?"

मावशीने मागे बघितलं. एसिलफी खोकला. ॲग्रे म्हणाला, "बाळाच्या आईचं पोट अजून तसंच आहे."

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघ्याचं वय झालंय," मावशी म्हणाली.

"म्हणजे कोणीच नाही. एका माणसाचं औषध होतं, ते सगळ्यांत वाटलं, तर ते कोणाचंच राहिलं नाही. उलट प्रत्येकाच्या अंगातल्या जंतूंना त्या औषधाची ओळख करून दिलीत. पुढच्या वेळी ते त्याला घाबरणार नाहीत. पुढच्या वेळी ॲग्रेच्या बाळाला तेच लागलं तर मी काय देऊ?"

ॲग्रेचा चेहरा पडला. मावशी गप्प. मावशी गप्प बसलेली मी याआधी फक्त प्रेतयात्रेत बघितली आहे, तीही चालू लागेपर्यंतच.

मला मावशीची थोडी कीव आली, म्हणून मी म्हटलं, "तुमच्या खात्याची माणसं गेल्या वर्षी गावात आली होती की. मंडप टाकला, सगळ्यांना विचारलं, तुमच्या आरोग्यासाठी आधी काय हवं. कोणी मलेरिया म्हणालं, कोणी संडास, कोणी बाळंतिणीसाठी रस्ता. त्यांनी सगळं लिहून घेतलं. याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही. पोबी तर पहिल्या रांगेत बसला होता, गावाचा आरोग्यमित्र म्हणून."

डॉक्टर हसली, पण कडू. "मी पण वर लिहिते. तपासणीचं साहित्य द्या, माणूस द्या. ते म्हणतात, आधी मलेरिया, आधी बाळंतपण. आणि ते खोटं नाही. मलेरियाला पोस्टर आहे, मच्छरदाणी आहे, रेडिओवर गाणं आहे. या दुखण्याला साधं नावसुद्धा नाही लोकांच्या तोंडी. ज्याला नाव नाही त्याला पैसे कोण देणार?"

"नाव नाही कसं?" मावशी एकदम म्हणाली. "क्वामिनाचा पाय म्हणा."

क्वामिना म्हणाला, "माझ्या पायाला विचारा तरी."

पण नाव पडलं ते पडलं. मावशी गावात परत गेली ती थेट पोबीच्या दुकानात. तिने बरणीवर हात ठेवला आणि विचारलं, "यातली एक सुटी विकशील तर तुझ्या दुकानासमोर रोज स्टूल टाकून बसेन. बसू?" पोबी म्हणाला नको. तरी ती बसलीच. गिऱ्हाईक आलं की सांगायची, "क्वामिनाचा पाय करून घ्यायचाय का तुला? मग जा, घे." लोक लाल-पिवळी न घेता तसेच परत जायला लागले. काही जण मागच्या दाराने गेले, ते मला माहीत आहे. मावशीलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराला बसली.

इकडे खलाशी पाळीपाळीने इस्पितळात येत होते. ते जेवण आणायचे आणि क्वामिनाबरोबर जेवायचे, आणि बाटली संपत आली की ओरडून नर्सला बोलवायचे. पाय आधी तसाच राहिला. मग एका सकाळी नडगीवरची लाली थोडी खाली सरकली. दुसऱ्या दिवशी घोट्याशी आली. डॉक्टरने पेनाने रेघ मारून ठेवली होती, आणि आम्ही त्या रेघेकडे असे बघायचो जसे भरतीच्या वेळी लोक पायरीकडे बघतात. मी देवाला जे जे कबूल केलं ते सगळं द्यायचं तर मला आणखी दोन होड्या लागतील.

शेवटी डॉक्टर म्हणाली, "पाय राहतोय. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलंय. ती दोन काढावी लागतील."

काढली. क्वामिना शुद्धीवर आला तेव्हा सगळी होडी खाटेभोवती उभी होती. चेहरे सगळ्यांचे पडलेले. त्याने पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि जड जिभेने म्हणाला, "असे काय उभे आहात? दहातली दोन समुद्राने घेतली, आठ मला. तांडेलाला एवढा मोठा वाटा आजवर कोणी दिलाय?"

एसिलफीला आधी हसू फुटलं, मग ॲग्रेला, मग सगळ्यांना. मीसुद्धा हसले, नाक पुसत. हसता हसता सगळे मावशीकडे बघायला लागले, कारण वाटणीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. आता ती म्हणणार, होडीचा वाटा कुठे आहे? तिने तसंच म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

मावशी खाटेच्या कडेवर बसली. तिने पट्टीवर हात ठेवला नाही, जरा वर धरला.

"समुद्राला नावं ठेवू नकोस," ती म्हणाली. "त्याने काही नेलं नाही. ती दोन बोटं मी वाटली, बाळा. एकेकाच्या हातावर ठेवली."

एसिलफीने आपला तळहात उघडून बघितला आणि पटकन मिटला.